आधी विचारा, मग बांधा



एका बाजाराच्या दिवशी माझ्या सासूबाई एका कचेरीच्या पायऱ्यांखाली तासभर बसून राहिल्या. कागदावर त्यांचा अंगठा हवा होता, पण गुडघे वर चढू देईनात. खाली कोणी आले नाही. आम्ही तशाच घरी परतलो. ही इमारत बांधताना कोणी कोणास विचारले असेल काय, असे तेव्हापासून मनात घोळत राहिले. त्यासंबंधी जी माहिती मिळाली, ती येथे देत आहे.

आपल्या मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली झाला. देशातील असा तो पहिलाच. पुढे १९५४ साली दुसरा व १९६६ साली महाराष्ट्राचा आजचा कायदा आला. शहराच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा, लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकावे, असे त्यात सांगितले आहे.

हे शहरांचे झाले. आपला अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. येथे १९९६ चा पेसा कायदा आहे व त्याचे राज्याचे नियम २०१४ साली झाले. पंचायतीने विकासाची योजना हाती घेण्यापूर्वी तीस ग्रामसभेची मान्यता लागते. शिवाय ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा भरवावी, असाही नियम आहे.

आता पायऱ्यांविषयी. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना उतार करावा असे होते, पण सरकारने तो आपल्या ऐपतीप्रमाणे करावा, अशी सवलतही होती. २०१६ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. नियमाप्रमाणे सोय नसेल तर नकाशास मंजुरी नाही व पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली होती. तीही २०२२ साली संपली.

तरीही काम पुढे सरकेना. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ सालीच सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले की, सोयींचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत.

मात्र कायदा स्वतः चालत आपल्या दारी येत नाही. स्त्रियांच्या सभेची दवंडी झाली की आपण म्हणतो, "भाकरी टाकायच्या आहेत, कोण जाणार?" मग इमारत उभी राहते आणि म्हातारी माणसे खाली बसतात.

म्हणून यापुढे अंगणवाडी असो वा दवाखाना, सभेत आपण एवढे तरी विचारू या : एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार आहे काय? धरावयास कठडा आहे काय? संडासाचे दार चाकाची खुर्ची जाईल इतके रुंद आहे काय? नकाशा वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नये. सासूबाईंना मी सांगितले आहे, पुढच्या सभेस त्यांनाही घेऊन जाणार आहे.