कंझऱ्यातला छापा-काटा

गरीब शेतकरी नवं काही करायला भितो, असं आपण सर्रास म्हणतो. पातूरच्या बाजारात मीही हे कितीदा तरी ऐकलंय. पण ते खरं की खोटं हे मोजून पाहण्याचं काम आपल्याच अकोला जिल्ह्यात झालं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

हैदराबादजवळ पाटणचेरूला ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू शेतीची संशोधन संस्था आहे. तिनं 1975 साली सहा गावं निवडली. त्यांत मूर्तिजापूर तालुक्यातलं कंझरा होतं, किनखेडाही होतं. दर गावात 40 कुटुंबं : 10 मजुरांची, 30 शेतकऱ्यांची. माहिती घेणारा माणूस गावातच राहायचा. काय पेरलं, किती मजुरी मिळाली, उसनं कुणाकडून घेतलं, हे तीन-चार आठवड्यांनी घरी जाऊन विचारायचा. अशी दहा वर्षं गेली.

याच गावांत हान्स बिन्सवँगर या अर्थशास्त्रज्ञानं एक खेळ मांडला. छापा पडो की काटा, 50 रुपये नक्की. किंवा एका बाजूला 200 आणि दुसरीला शून्य. मधले पर्यायही होते. पैसे खरे, आणि संस्थेचे. मला जुगार वर्ज्य. पण इथं पदरचं काही जात नव्हतं, म्हणून ऐकून घेतो! त्या काळी 200 रुपये म्हणजे मजुराची महिन्याहून जास्त कमाई. मग कुणी काय निवडलं, याची त्याच्या जमिनीशी, वयाशी, शिक्षणाशी सांगड घातली गेली.

हे निष्कर्ष 1980 साली छापून आले. रक्कम वाढली तशी बहुतेक माणसं मधल्या पर्यायांवर आली, बेतानं जपून खेळू लागली. त्यात श्रीमंत-गरीब असा मोठा फरक नव्हता. (आधीच्या डावात नशीब फळलेले मात्र थोडे धीट झाले होते.) म्हणजे खत-बियाण्यावर गरीब कमी खर्च करतो, त्याचं कारण स्वभावात नाही. त्याला वेळेवर कर्ज मिळत नाही, सल्ला मिळत नाही, बाजार गाठता येत नाही.

पुढं 1994 साली रॉबर्ट टाउनसेंड यांनी कंझऱ्यासह तीन गावांच्या त्याच नोंदी तपासल्या. एखाद्या घराची कमाई बुडाली, तरी त्याचं खाणंपिणं तितकं घसरत नव्हतं. ते साऱ्या गावाबरोबर वर-खाली होत होतं. उसनवारी, साठवण, शेजार यांनी घर तरत होतं. मात्र त्या तीनपैकी एका गावात भूमिहीन मजुरांना हा आधार इतरांपेक्षा कमी मिळत होता.