हिस्सा, खर्च आणि नफा

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. मास्तरांचे अक्षर बरे, एवढेच कारण. मागच्या सभेत तळमजल्यावरच्या चाचांनी विचारले, "सर, लिफ्टचा, वॉचमनचा खर्च आपणच वाटून घेतो. नफा कुणालाच नाही. मग त्यावर टॅक्स कसला?" मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचता वाचता कळले की युरोप याच प्रश्नाशी 1977 पासून झटतो आहे.

मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, फ्रान्सने 1954 मध्ये आणला. यात प्रत्येक व्यापारी ग्राहकाकडून कर घेतो आणि स्वतः खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करतो. डॉक्टर, शाळा, रुग्णालये यांना मात्र माफी. माफी ऐकायला गोड वाटते, पण मेख तिथेच आहे. जो ग्राहकाकडून कर घेत नाही, त्याला खरेदीवरचा करही वजा करता येत नाही. तो त्याच्याच खिशातून जातो.

समजा, जर्मनीतल्या दहा डॉक्टरांनी मिळून एक सामाईक कार्यालय काढले. टायपिस्ट, हिशेबनीस, संगणक सांभाळणारा असा सगळा खर्च 1,00,000 युरो. कार्यालयाने डॉक्टरांना बिल दिले की 19 टक्के दराने 19,000 युरो कर वर चढणार. मोठे रुग्णालय हीच माणसे स्वतःच्या पगारपत्रकावर ठेवते, आणि पगारावर व्हॅट नसतो. म्हणजे दंड कुणाला? लहान असून एकत्र आले त्यांना.

हे ओळखून 17 मे 1977 च्या सहाव्या व्हॅट निर्देशात एक सवलत घातली गेली. गट स्वतंत्र असावा, सेवा सभासदांच्या करमुक्त कामाला थेट गरजेची असावी, प्रत्येकाकडून खर्चातला नेमका हिस्सा घ्यावा आणि बाजारातली स्पर्धा बिघडू नये. खर्च, हिस्सा, नफा हे तिन्ही शब्द मराठीला अरबी-फारसीतून मिळालेले. सारा कायदा त्यांवरच उभा आहे: खर्च हिश्शाने वाटा, नफा घेऊ नका.

पण देशोदेशी ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. ब्रिटनने ही सवलत थेट 2012 मध्ये कायद्यात आणली. जर्मनीने ती आरोग्य क्षेत्रापुरती ठेवली. लक्झेंबर्गने इतकी सैल केली की मे 2017 मध्ये युरोपीय न्यायालयाने कान पिळले. डेन्मार्कमधल्या लहान विमा कंपन्यांनी अपघातग्रस्त गाड्यांचे नुकसान मोजायला ताक्साटोरिंगेन नावाची संघटना काढली होती. तिच्या खटल्यात 2003 मध्ये न्यायालय म्हणाले की, स्पर्धा बिघडण्याचा खराखुरा धोका असेल तरच सवलत नाकारा. विमेवाल्यांना हायसे वाटले असणार.

ते फार टिकले नाही. 21 सप्टेंबर 2017 रोजी एकाच दिवशी तीन निकाल लागले. न्यायालयाने प्रकरणाचे शीर्षक वाचले: 'लोकहिताची कामे'. म्हणून शाळा, दवाखाने, समाजसेवा आत. बँका आणि विमा बाहेर. लाटवियातली बँक हरली, पोलंडमधला विमा गट हरला, आणि केवळ आरोग्यापुरती सवलत ठेवणारा जर्मनीही हरला. धड्याचे शीर्षक आधी वाचा, असे आम्ही मुलांना उगाच सांगत नाही! वाचन बरोबरच होते, पण लहान विमा कंपन्यांवर ते कठोर ठरले असे मला वाटते. तरी न्यायालयाने एक माणुसकी दाखवली. हा नवा अर्थ पुढे करून हिशेब मिटलेली जुनी वर्षे पुन्हा उकरू नका, असे त्याने सरकारांना बजावले.

आपल्याकडे उलटे झाले. क्लब आणि त्याचे सभासद वेगळे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता क्लबच्या खटल्यात 2019 मध्ये सांगितले. तो खटला जीएसटीपूर्व करांचा होता. संसदेने 2021 मध्ये जीएसटी कायद्यात दुरुस्ती करून दोघांना वेगळे ठरवले, तेही 1 जुलै 2017 पासून मागे जाऊन. केरळमध्ये डॉक्टरांचीच संघटना याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि 2025 मध्ये तिथे ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरली.

चाचांना मी आता एवढेच सांगितले आहे की, महिन्याला 7,500 रुपयांपर्यंतच्या मेंटेनन्सवर जीएसटी लागत नाही. ते म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी लिफ्ट बदलायची आहे, त्याचे काय?"