मेणाची पणती आणि कुंभाराचं बलुतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

दिवाळीत ऑफिसच्या गिफ्ट बॉक्समध्ये हल्ली मातीच्या छोट्या मडक्यातली मेणबत्ती असते. सोबत कार्ड: 'गरजू कारागिरांना हातभार'. वाचून बरं वाटतं. पण कुंभाराला आपण 'हातभार' कधीपासून लावायला लागलो?

जरा मागे जाऊ. आपल्या गावगाड्यात कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाला मडकी, रांजण, पणत्या पुरवायच्या आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं, ते त्याचं बलुतं. ती व्यवस्था काही गोड नव्हती. जातीने काम ठरलेलं, वाटा किती हे ठरवणार गाव. पण एक गोष्ट होती: बलुतं म्हणजे दान नव्हे, हक्क.

आता मुंबईत या. दक्षिण मुंबईत आजही पहिला, दुसरा, तिसरा कुंभारवाडा अशा गल्ल्या आहेत, फक्त तिथे चाकं फिरत नाहीत. एकोणिसाव्या शतकात सौराष्ट्रातून कुंभार कुटुंबं मुंबईत आली. शहर वाढत गेलं तसे कुंभार उत्तरेकडे सरकवले गेले आणि 1930 च्या दशकात धारावीत स्थिरावले. तेव्हा ती शहराची वेस होती. आज तीच जागा शहराच्या मधोमध, बीकेसीला खेटून आहे!

धारावीच्या कुंभारवाड्यात घर आणि कारखाना वेगळे नाहीत. पुढे दुकान, आत चाक, मागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांच्या भट्ट्या. कापडाच्या चिंध्या, कापसाचा कचरा जाळून माल भाजतात. धूर होतो, तो आधी त्यांच्याच घरात शिरतो.

मग मेण कुठून आलं? पणती सच्छिद्र असते, तेल पिते. म्हणून आई पणत्या आधी पाण्यात भिजवून ठेवते. मेण थंड झालं की घट्ट बसतं, सांडत नाही, कुरिअरने पाठवता येतं. पॅराफिन मेण पेट्रोलियममधून निघतं, वापरात येऊन जेमतेम पावणेदोनशे वर्षं झालीत. हजारो वर्षं जुन्या भांड्यात ते ओतलं की पणतीची 'कँडल' होते आणि किंमत कितीतरी पट वाढते. प्रश्न हा, की वाढलेल्या किमतीतलं भट्टीपर्यंत किती पोचतं? कार्डावर ते सहसा नसतं.

2022 मध्ये धारावी पुनर्विकासाचं टेंडर अदानी समूहाला मिळालं. आता कुंभारांपुढचा प्रश्न साधा आहे: इमारतीत फ्लॅट मिळेल, पण चाक कुठे ठेवायचं, माल कुठे वाळवायचा, भट्टी कुठे लावायची? सातव्या मजल्यावर मडकी भाजता येत नाहीत. म्हणजे त्यांची गरज मदतीची नाही. जागेची आणि दामाची आहे. जुन्या शब्दात, बलुत्याची.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आठवते ना? संतमेळ्यात थापटण्याने एकेकाचं डोकं थोपटून त्यांनी कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं. मडकं घेताना आपणही वाजवून घेतोच. या दिवाळीत ते कार्डही जरा वाजवून बघा. विकणाऱ्याला विचारा: हे कुणी घडवलं, आणि त्याला नगामागे किती मिळाले? उत्तर आलं तर मडकं पक्कं.

भेटू पुढच्या भागात!