अर्थबोधाच्या कलमाची कुळकथा

ज्या प्रांतात कृष्णवर्णीयांची संख्या गौरवर्णीयांहून अधिक, आणि वर्णाच्या कारणावरून कोणाचाही मताधिकार हिरावून घेता येणार नाही असे ज्या देशाच्या घटनेत 1870 सालापासून स्पष्ट लिहिलेले, त्या प्रांतात कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवावे तरी कसे, प्रामुख्याने याच विवंचनेने अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या 134 प्रतिनिधींची परिषद 1890 च्या ऑगस्टमध्ये जॅक्सन शहरी भरली. आयझाया माँटगोमेरी हे त्यांतील एकटेच कृष्णवर्णीय. त्यांनीही अखेर नव्या राज्यघटनेच्या मसुद्याला पाठिंबा दिला, हे वाचून आजही मन विषण्ण होते.

परिषदेने राज्यातील दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली आणि 2 डॉलरची डोईपट्टी बसविली. या पट्टीच्या वसुलीसाठी फौजदारी इलाज करण्यास मात्र घटनेनेच मनाई केली. कारण खजिना भरावा हा तिचा हेतू नव्हताच, थकबाकीदार मतदारयादीतून गळावा हाच होता.

परंतु खरे कौशल्य खर्ची पडले ते 244 व्या कलमात. मतदाराने राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचावे, अथवा कोणी वाचून दाखविल्यास ते समजून घ्यावे, अथवा त्याचा सयुक्तिक अर्थ सांगावा, असा त्याचा आशय. वरकरणी ही निरक्षरांवरील अनुकंपा. वस्तुतः निरक्षर गोऱ्यांसाठी मोकळी ठेवलेली वाट, कारण कोणते कलम कोणापुढे ठेवावयाचे आणि कोणाचे उत्तर ग्राह्य धरावयाचे याची सारी मुखत्यारी नोंदणी करणाऱ्या अंमलदाराच्या हाती होती. वर्णाचा नामोल्लेखही न करता वर्णभेदाचा अंमल बसविणारी इतकी थंड डोक्याची मखलाशी कायद्याच्या इतिहासात क्वचितच आढळेल. ही घटना जनतेच्या कौलासाठी ठेवण्यातच आली नाही. 1 नोव्हेंबर 1890 रोजी परिषदेनेच ती मंजूर करून टाकली.

1898 साली विल्यम्स खटल्यात, मजकुरात पक्षपात दिसत नाही असे म्हणून संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला हात लावला नाही, आणि शेजारच्या राज्यांना तसलीच कलमे लिहिण्यास धीर आला. कृष्णवर्णीयांत साक्षरता वाढू लागल्यावर, 1954 साली मिसिसिपीने या कलमातील ‘अथवा’ काढून वाचन, लेखन आणि अर्थकथन ही तिन्ही सक्तीची केली. परिणामी 1964 साली तेथील प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी शेकडा 7 जणांचीही नावे यादीत नव्हती. 1965 च्या मताधिकार कायद्याने ही परीक्षा स्थगित केली, तेव्हा दोनच वर्षांत ते प्रमाण शेकडा 60 च्या आसपास पोहोचले. 1890 ची घटना मात्र दुरुस्त्यांसह अद्याप लागू आहे, आणि विशिष्ट गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांचा मताधिकार काढून घेणारे तिचे 241 वे कलमही.