उडुपीची सभा आणि चेल्टनहॅमची पत्रे

पंडिता रमाबाईंनी 1907 साली आपल्या धर्मजीवनाची साक्ष 'ए टेस्टिमनी' या नावाने इंग्रजीत छापली. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या काही वर्षांबद्दल त्या तीत म्हणतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हे वाक्य चरित्रकारांच्या फार सोयीचे ठरले. त्यामुळे इंग्लंडातली वर्षे शंकेची, कोरडी आणि अपुरी ठरतात. खरी कथा पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात सुरू होते. मात्र याच वर्षांतली रमाबाईंची पत्रे शिल्लक आहेत आणि त्यांतली बाई काही कोरडी दिसत नाही.

ही पत्रे आपल्यापर्यंत आली ती सिस्टर जेराल्डिन यांच्यामुळे. ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी सेंट मेरी संघाचा मठ होता. या संघाच्या भगिनी पुण्यातही काम करत, आणि रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या त्यांच्याच आधाराने. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत 'आजीबाई' म्हणत. पुढे अनेक वर्षांनी जेराल्डिनबाईंनी हा पत्रव्यवहार जुळवला, त्याला टिपणे जोडली, आणि 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध केला. म्हणजे वादातल्या एका पक्षानेच दप्तर लावून ठेवले आहे. शिष्येचा अहंकार हा त्या टिपणांचा आवडता विषय. रमाबाईंचे शाकाहारी राहणेसुद्धा त्यात गोवले गेले. माझा गर्व तुम्हाला ताटातल्या पदार्थांतही दिसत असेल तर खुशाल शोधा, अशा अर्थाचे उत्तर रमाबाईंनी दिले होते. जेराल्डिनबाईंनी तेही जपून ठेवले, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

मुख्य वाद 1885 चा. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. स्वतः शिकत होत्या, संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा विचार पुढे आला. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यात वावगे वाटले नाही. मठात मात्र खळबळ उडाली. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांचे मत मागवले गेले, आणि दोघांनीही विरोध केला. बाईने पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात तिच्या लोकांमध्ये तिचे वजन राहणार नाही, असा त्यांचा सूर होता.

रमाबाईंचे उत्तर वाचताना त्यांच्या घराण्याचा इतिहास माहीत असावा लागतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून गहजब झाला होता. 'टेस्टिमनी'त रमाबाई सांगतात, की उडुपीला पंडितांच्या मोठ्या सभेपुढे शास्त्रीबुवांना याचा जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रांतलेच आधार काढून दाखवले आणि सभेला ते मान्य करावे लागले. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवले, इतर विद्यार्थ्यांनाही शिकवले. हे सारे पाठीशी असलेली बाई बिशपांना काय म्हणणार? माझ्या आईच्या किंवा माझ्या शिकवण्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, माझ्या नवऱ्याने घेतली नाही, आणि इथे ती घेतली जाते याचे नवल वाटते, असे त्यांनी लिहिले. वरून हेही, की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे. धर्मगुरूच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही.

जेराल्डिनबाईंना यात उद्धटपणा दिसला. मला यात शास्त्रार्थ दिसतो. उडुपीला वडिलांनी जे केले तेच मुलगी करत होती: आधार दाखवा, मग बोलू. फरक इतकाच की तिथे सभा समोरासमोर होती, इथे निर्णय पत्रापत्री, पाठीमागे होत होता.

आधार मागायचा तर ग्रंथ स्वतः वाचायला हवा, आणि पत्रांतला मोठा भाग याच वाचनाचा आहे. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचे देवत्व, अथनेशियसचा मतांगीकार यांवर रमाबाई प्रश्नामागून प्रश्न करतात. हे बायबलात कुठे आहे, की पुढच्या लोकांनी ठरवले आहे? प्रत्येक पंथ आपापल्या परीने त्याच ग्रंथाचा हवाला देतो हे त्यांच्या लगेच ध्यानात आले होते. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही वाद याच पत्रांतला. न कळणाऱ्या भाषेतल्या पावित्र्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. घरी संस्कृत शिकवले गेले खरे, पण वेद नाही. वेदाची प्रत त्यांच्या हाती पहिल्यांदा ठेवली ती कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी, 'वाचा' म्हणून.

बीलबाईंचे वेगळेपण इथे नोंदवायला हवे. आज्ञा देऊन ही बाई वळणार नाही, तिच्याशी तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याशी करावी तशी चर्चा केली पाहिजे, हे त्यांना उमजले होते. पत्रांत त्या रमाबाईंना गप्प करत नाहीत, वाद घालतात. शिक्षिकेने शिक्षिकेला ओळखले, असे म्हणायला हरकत नाही.

'टेस्टिमनी'तच इंग्लंडची एक वेगळी आठवण आहे. लंडनच्या फुलहॅम भागात मठाच्या भगिनी 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांचे आश्रयगृह चालवत. ते पाहून रमाबाईंनी विचारले, तुम्ही यांच्यासाठी एवढे का करता? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री आणि येशू यांचे बोलणे. हिंदुस्थानातल्या स्त्रियांची उन्नती ख्रिस्तच करू शकेल हे तिथे मनात पक्के झाले, असे रमाबाई म्हणतात. पत्रांतल्या तर्ककठोर वादाशेजारी ही आठवण ठेवली, की 1907 मधली साक्ष आणि 1885 मधली पत्रे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. साक्ष नंतरच्या अनुभवाच्या उजेडात मागचे मोजते, एवढेच.

हिंदुस्थानात परतल्यावर रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातला 1893 चा वाद आपल्याकडे अधिक परिचित आहे. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि दार उघडे असे. मुली येऊन बसत. 'केसरी'ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींच्या पालकांच्या बाजूने पाहिले तर त्यांचा संशय अनाठायी नव्हता; विश्वासाने सोपवलेल्या कोवळ्या विधवा होत्या त्या. पण दार बंद करून वाचा, ही सूचना रमाबाईंनी मानणे शक्य नव्हते.

केडगावला मुक्ती मिशन उभे राहिल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि मुळावरून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. छपाई मिशनच्याच छापखान्यात, आश्रमातल्या स्त्रियांच्या हातून झाली. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ते काम संपताच प्राण सोडला, ही हकीकत भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांत सापडते. तिच्यावर मी फार भार टाकत नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला, एवढे पक्के. त्याच्याही आधी, 1905 च्या आध्यात्मिक जागृतीनंतर, आश्रमातल्या मुलींची पथके बायबल घेऊन आसपासच्या गावांत प्रचाराला जाऊ लागली होती. मुक्ती मिशन कोणत्याही एका चर्चच्या ताब्यात नव्हते. कोणी कोणाला शिकवावे हे विचारायला तिथे बिशपच नव्हता.