अन्नशुद्धी आणि हॉटेलची पाटी

महाराष्ट्रात बाहेर बसून खाण्याचा इतिहास लिहिणारे बहुधा पदार्थांचाच इतिहास लिहितात. खाणावळीतली आमटी, इराण्याचा चहा, उडप्याची इडली यांची रसाळ वर्णने पुष्कळ सापडतात. पण त्या बाकावर बसायचे कोणी आणि उष्टा कप विसळायचा कोणी, हा प्रश्न त्या इतिहासात तळटीपेलाही येत नाही. आमच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न आहे. आज मुंबई-पुण्यात मांस-अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधदेखील न वापरणारी ‘व्हीगन’ उपाहारगृहे निघाली आहेत. त्यांच्या दारातही आम्ही हाच प्रश्न घेऊन जाणार.

पुण्यातील 1890 सालचे पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण पांढरपेशा वाचकाला पाठ असते. रानडे, टिळक यांच्यासारख्या मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा ठेवला, गोपाळराव जोशी यांनी नावे जाहीर केली आणि ग्रामण्य उभे राहिले. कोण खरोखर प्याला, कोणी नुसता कप उचलला, प्रायश्चित्त कोणी घेतले, यावर पानेच्या पाने खर्ची पडली. ब्राह्मण ख्रिश्चनाचा चहा प्याला तर काय, एवढाच तो वाद. महाराच्या हातचा चहा त्या वादाच्या परिघातही नव्हता.

तो प्रश्न उभा राहिला कोल्हापुरात. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे या महार सेवकाला शाहू महाराजांनी हॉटेल काढण्यास साहाय्य केले. ‘सत्यसुधारक’ हे त्या हॉटेलचे नाव. महाराज तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही तो घेणे भाग पडे. राजाने कप उचलला, म्हणून इतरांनी उचलला! 1922 साली महाराज गेले. जिथे राजा येणार नाही तिथे काय, याचे उत्तर द्यायला संविधान यावे लागले. 1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहे नाव घेऊन लिहावी लागली, आणि 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याला हॉटेलातल्या भांड्यांचाही उल्लेख करावा लागला. देशाच्या कायद्याला कपबशीची दखल घ्यावी लागते, यातच या समाजाची कुंडली आली.

आमच्या मराठवाड्यात कायदा पोचला, पण चहाच्या टपरीबाहेर वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी त्यानंतरही वर्षानुवर्षे हलली नाही. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले वालूर आज चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे अभ्यासकांना माहीत झाले आहे. अशा बारवांच्या दगडांवर लिहिले जाते. त्या पायऱ्या उतरण्याचा अधिकार कोणाला होता, यावर कमी लिहिले जाते. 1972 च्या दुष्काळात या भागातली माणसे शहराकडे निघाली. आता शिकलेली पोरेही सेलूच्या स्टेशनावर मुंबईची गाडी धरतात. महानगरात त्यांना कोणी वेगळा कप देत नाही. तिथे ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी असते. शाकाहारी म्हटले की अर्थ पुरा होतो. मग ‘शुद्ध’ कशाला?

इथे व्हीगन हॉटेलवाल्यांना एक न्याय दिला पाहिजे. हा शब्द 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला. त्यामागची भूमिका प्राण्यांच्या पिळवणुकीविरुद्धची आहे, सोवळ्याची नाही. आणि गंमत अशी की या भूमिकेने सोवळ्याच्या मुळावरच घाव घातला आहे. ब्राह्मणी पंगतीत भातावर जे तूप वाढतात त्याला ‘अन्नशुद्धी’ म्हणतात. व्हीगन स्वयंपाकघरात ही अन्नशुद्धीच हद्दपार आहे! तिथल्या ताटात ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी आली, तर ते ताट आमच्या वस्त्यांना नवे नाही. दारात दुभते जनावर नव्हते म्हणून आमच्या आया दुधातुपावाचून रांधत होत्या. त्याला कोणी तत्त्वज्ञान म्हटले नाही.

आणि त्याग आम्हाला शिकवू नये. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा असे सांगितले, आणि गावोगाव ते सोडले गेले. तो शुद्धीचा सोस नव्हता, स्वाभिमानाचा निर्णय होता. 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवरील दया आहे, पण शाकाहाराची सक्ती नाही. हा भेद बाबासाहेबांनी जाणूनबुजून राखला, असे मला वाटते. ‘द अनटचेबल्स’ या 1948 च्या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडणाऱ्या माणसाला ताटातले राजकारण पुरते ठाऊक होते.

ते राजकारण संपलेले नाही. 2015 साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. 2023 साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहातली काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली, आणि निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. त्याच 2015 साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते ते त्यांनी न लाजता लिहिले. त्यातल्या चान्यांचे नाव, व्हीगन हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्यापुढे, सेलूकडच्या पोराला मोठ्याने घेता येते काय?