एकच गाडी, दोन फेऱ्या

‘शाळेच्या आठवणी सगळेच लिहितात, तू काहीतरी वेगळं लिही,’ असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला बजावलं. म्हणून इतिहासावर लिहिते आहे. दहावीला इतिहासात मला जेमतेम गुण होते, तेव्हा बाईंनी लाल पेन बाजूला ठेवूनच हा लेख वाचावा ही विनंती. विषय स्नेहमेळाव्याला शोभणारा नाही, पण तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीच्या माणसापासून सुरू होतो.

आपल्याला नववी-दहावीला गणित शिकवणारे सर, म्हणजे माझे बाबा, २००९ साली गेले. पहाटे तीनला छातीत दुखू लागलं. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या खासगी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना फोन केला. गाडी घरचीच, दिवसा वडील चालवायचे, रात्री मुलगा. त्या गाडीने बाबांना मिरजेला नेलं आणि सकाळी त्याच गाडीने घरी आणलं. जाताना सायरन होता, येताना नव्हता. मला त्या गाडीचाच राग आला. रोग्याला नेणारी आणि प्रेत आणणारी गाडी एकच कशी?

या प्रश्नाचा इतिहास मला पुढे कामानिमित्त अमेरिकेत ओहायो राज्यात असताना सापडला. तिथे जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात लांबलचक कॅडिलॅक शववाहिका उभी होती. मालकाने मागचं दार उघडून दाखवलं. शवपेटी आत सरकवायला फरशीत रूळ होते. ते उलटे केले की सपाट फरशी, वर स्ट्रेचर. शेजारी मदतनिसासाठी घडीची खुर्ची, टपावर काढता-घालता येणारा दिवा. पाच-दहा मिनिटांत शववाहिकेची रुग्णवाहिका! अशा गाडीला तिकडे ‘कॉम्बिनेशन कार’ म्हणत. त्या बांधणारे मोठे कारखाने ओहायोतच होते: पिक्वाचा मिलर-मीटिओर, लायमाचा सुपीरिअर, सिनसिनाटीचा हेस अँड आयझेनहार्ट.

असं का झालं, हे अगदी साधं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या लहान गावांत शवपेट्या करायचा तो फर्निचर करणारा सुतारच. त्यातूनच अंत्यविधीचा धंदा उभा राहिला आणि बापाकडून मुलाकडे जात राहिला. अनेक ठिकाणी खाली धंदा, वर बिऱ्हाड. मोटारी आल्यावर गावात माणसाला आडवं नेता येईल अशी गाडी बहुधा त्यांच्याकडेच असे, आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारं माणूसही. त्यामुळे अपघात झाला, कुणी चक्कर येऊन पडलं, की त्यांनाच बोलावलं जाई.

१९६३ च्या नोव्हेंबरात डॅलस शहरात हे साऱ्या जगासमोर आलं. व्हर्नन ओनील यांच्या फ्यूनरल होमकडे रुग्णवाहिकांचंही काम होतं. २२ तारखेला अध्यक्ष केनेडींचा ताफा पोहोचण्याच्या काही मिनिटं आधी, त्याच चौकात फीट आलेल्या एका माणसाला ओनील यांच्या रुग्णवाहिकेने पार्कलँड रुग्णालयात नेलं. थोड्याच वेळात केनेडींना तिथे आणलं गेलं. दुपारी त्यांची शवपेटी विमानतळावर नेली ती ओनील यांच्याच मिलर-मीटिओर कॅडिलॅकने. दोन दिवसांनी केनेडींच्या हत्येचा आरोपी ऑस्वाल्डला गोळी लागली, तेव्हा धावली तीही ओनील यांचीच रुग्णवाहिका. ती कॅडिलॅक २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला विकली गेली.

या व्यवस्थेची उणीव १९६६ च्या एका राष्ट्रीय अहवालाने उघड केली. देशातली सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा १२,००० अंत्यविधी व्यावसायिक चालवत होते, आणि त्याचं मुख्य कारण त्यांच्या गाड्यांत स्ट्रेचर मावतं हे होतं. वाटेत प्राण वाचवण्याचं शिक्षण ही अट नव्हतीच. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये ‘फ्रीडम हाऊस’ सेवा सुरू झाली. तोवर त्या शहरात रोग्यांना पोलिसांच्या गाडीतून नेत. डॉ. पीटर सफार यांनी कृष्णवर्णीय वस्तीतल्या तरुणांना शिकवलं आणि त्यांनी गाडीतच उपचार करून दाखवले. १९७५ मध्ये ती सेवा बंद झाली, पण तिचा धडा टिकला. नवे नियम, प्रशिक्षण, उंच छताच्या गाड्या आल्या. खर्च परवडेना, तसे अंत्यविधीवाले या कामातून बाहेर पडले आणि सत्तरचं दशक संपता संपता कॉम्बिनेशन कारही संपली.

हे वाचल्यावर माझा राग बदलला. त्या पहाटे चूक गाडी एकच असण्यात नव्हती. गाडीत बाबांसाठी काही करू शकेल असं माणूस नव्हतं, ही उणीव होती. महाराष्ट्रात १०८ ची सेवा, डॉक्टरसह, २०१४ मध्ये आली. बाबांच्या वेळी ती नव्हती.

पण फोन पहिल्या रिंगला उचलला होता तो त्या घरच्या मुलानेच. सकाळी उतरवून घेताना त्याने बाबांच्या पायांना हात लावला. ‘सरांनी मला दोनदा नापास केलं होतं,’ एवढंच म्हणाला आणि परतीचं भाडं घेतलं नाही. तो आपल्या शाळेचाच, आपल्यापुढे तीन वर्षं. यंदाच्या मेळाव्याचं निमंत्रण त्याच्याकडे मी स्वतः घेऊन गेले होते. येतो म्हणालाय, रात्री गाडीवर दुसरं कुणी मिळालं तर.